खाली ठेवलेला पेला

शनिवार, ५ ऑक्टोबर १९८५

आज बुतीकाकांच्या मैथाचं लग्न ठरलं. मी आणि मैथा पाहुण्यांच्या बैठकीच्या, मजलिशीच्या दाराआड उभ्या होतो. तिनं माझा हात इतका घट्ट धरला होता की अजून नखांच्या खुणा आहेत. शेजारचे हाजी सुरूर आले, बसले, खजूर घेतला, कॉफीचा पेला हातात घेतला आणि ओठाला न लावता समोर ठेवला. लगेच सगळ्यांच्या नजरा पेल्यावर. पेला तसाच ठेवला की पाहुणा काही मागायला आलाय, हे कोणालाही कळतं. काका म्हणाले, "घ्या हाजी, कॉफी घ्या. जे मागाल ते दिलं." मग हाजींनी आपल्या मुलासाठी मैथाला मागितलं आणि कॉफी प्यायले.

मी आईला विचारलं, "काय मागणार हे कळायच्या आधीच काकांनी हो म्हटलं. हाजींनी घर मागितलं असतं तर?"

आई म्हणाली, "मागणाऱ्याला लाज असते आणि देणाऱ्याला अंदाज. त्यावर चालतं सगळं."

मला हे पटलं नाही. अंदाजावर शब्द कसा द्यायचा?

नंतर बायकांच्या बाजूला कॉफी द्यायचं काम माझ्याकडे आलं आणि मी घोटाळा केला. मैथाच्या होणाऱ्या सासूचा पेला काठोकाठ भरला. आईनं तो मधेच उचलून घेतला. "तळाला घोटभर घालायची असते गं. भरून दिला म्हणजे 'उठा आणि चालू लागा'. विहिणीला घालवून द्यायचंय का?" सगळ्या हसल्या. हाजींची बायको आईला म्हणाली, "जाऊ दे सलामा, अल ऐनच्या विद्यापीठात हे शिकवत नसतील."

आमच्या घराण्यातली शाळेत गेलेली पहिली मुलगी मी. विद्यापीठातून पास होऊन आले आणि साधी कॉफी ओतता येत नाही. या वहीत खरं तेच लिहायचं ठरवलंय, म्हणून हेही लिहिलं.

बुधवार, ९ ऑक्टोबर

बाबांच्या पेढीवर गेले होते. सकाळी थोडा वेळ जाते, लाकडी आडोशामागे बसून इंग्रजी पत्रं टाइप करते. काका याला 'अफ्राचा छंद' म्हणतात.

आज बाबा-काकांचं पुन्हा तेच भांडण झालं. डेकर नावाचे एक हॉलंडचे गृहस्थ आहेत, त्यांची कंपनी यंत्रांचे सुटे भाग आणते. जबल अलीला नव्या मुक्त क्षेत्रात त्यांनी जागा घेतली आहे. त्यांच्या शेजारी आपण गोदाम घ्यावं, मोठ्या जहाजांचा माल तिथं उतरवावा आणि पुढं आफ्रिकेला, इराणला, हिंदुस्थानला पाठवावा, असं त्यांचं म्हणणं आहे. पत्राच्या शेवटी आणखी एक ओळ होती. ही पत्रं जी लिहिते तिनंच तिथलं ऑफिस सांभाळावं. ती ओळ बाबांना वाचून दाखवताना मी भरभर वाचली. गाळावी असंही एकदा वाटलं. पण पत्र त्यांचं, वाचायचं तर पूर्ण.

काका म्हणाले, "काय आहे जबल अलीला? वाळू. वाळूत खड्डा खणला, समुद्र आत घेतला, म्हणे बंदर. माल उतरवायला कोण, घोरपडी ठेवणार पगारावर?"

"मोठी जहाजं तिथं लागतात, बुती. आपल्या खाडीत लागत नाहीत."

"मग त्यांनी लहान व्हावं."

"जग मोठ्या लोखंडी पेट्यांतून माल पाठवायला लागलंय."

"पाठवू दे. खाडीत गाळ भरला तेव्हाही लोक म्हणाले, संपलं. गाळ काढला, पुन्हा पोटं भरली."

"गाळ काढायला वर्गणी द्यायची म्हटलं तेव्हा तूच नको म्हणाला होतास."

"म्हणालो होतो. अजूनही म्हणतो."

मला हसू आलं आणि मी ते टाइपरायटरच्या आवाजात लपवलं. पण मग काका माझ्यावर आले. "आणि पोरगी परक्या माणसांत बसणार? शाळेत घातलीस तेव्हाच सांगितलं होतं, शिकवशील तर उलट उत्तरं देईल."

बाबा म्हणाले, "देते ना. पण इंग्रजीत देते. तुला कुठं कळतात?"

पेढी दोघांची आहे. काकांच्या होकाराशिवाय बाबा काही करणार नाहीत, आणि मोठे असूनही त्यांच्यावर जबरदस्ती करणार नाहीत. आजोबा गेले तेव्हा काका लहान होते. बाबांनीच त्यांना खांद्यावर बसवून गलबतावर नेलं, नाखव्यांच्या हवाली केलं. आजही काका धक्क्यावरून चालले की बंदर अब्बासपासून बर्बेरापर्यंतचे नाखवे हाक मारतात. इराणच्या युद्धामुळे त्यातली कितीतरी गलबतं आता येत नाहीत. काका रोज जाऊन रिकाम्या जागा बघून येतात.

मला तिथं जायचंय. ही गोष्ट मी अजून कोणालाही सांगितलेली नाही. काकांना दुखवून मात्र नको.

रविवार, १३ ऑक्टोबर

डेकर पेढीवर आले होते. उंच, तांबूस, बसले की गुडघे टेबलाला लागतात. बाबांनी 'बघतो' म्हटलं. ते गेल्यावर बाबांनी मला विचित्र प्रश्न विचारला. "हे लोक कॉफी गरम पितात का?"

मी सांगितलं की डेकरांना मी पाहिलंय, कप समोर ठेवतात, बोलत राहतात, आणि थंड झाल्यावर एका घोटात संपवतात.

"हातात धरून ठेवत नाहीत?"

"त्यांच्या कपाला कान असतो बाबा. तरीही नाही धरत."

"हं," बाबा म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं, "नक्की?"

पाहुण्याच्या आवडीनिवडीची बाबांना किती काळजी. त्यांनी डेकरांना पुढच्या आठवड्यात मंगळवारी घरी बोलावलंय. दुभाषी म्हणून मी मजलिशीत बसायचं आहे. काकांनाही बोलावलंय आणि हाजी सुरूरनाही. व्यवहाराच्या बोलण्यात हाजी कशाला, असं मी विचारलं. बाबा म्हणाले, "हाजींना खजुराची चांगली पारख आहे."

मंगळवार, २२ ऑक्टोबर

आज जे झालं ते नीट क्रमानं लिहिते, म्हणजे माझी चूक किती ते कळेल.

डेकर आले. मी बाबांच्या मागे, जरा बाजूला बसले. काकांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. आमच्याकडे कॉफी मुराद देतो, बाबांच्या तरुणपणापासून तोच देतो. पण आज बाबा म्हणाले, "आज मी देतो," आणि निखाऱ्यावरून कॉफीचा दल्ला स्वतः उचलला. मुराद दाराशी उभा राहून निखाऱ्यांकडेच बघत राहिला. घरमालकानं स्वतः कॉफी द्यावी हा केवढा मान. डेकरांना ते कळणार नाही म्हणून मी हळूच सांगितलं.

आणि मग बाबांचा हात चुकला. त्यांनी डेकरांचा पेला काठोकाठ भरला. बाबांनी. मला मान वर करवेना. काकांनी मात्र पाहिलं आणि त्यांच्या मिशीत हसू आलं. त्यांना वाटलं असणार की भाऊ शहाणा झाला, परक्याला 'उठा' म्हणतोय.

पेल्यातून वाफा निघत होत्या. डेकरांनी तो दोन बोटांत धरला, दुसऱ्या हातात घेतला, पुन्हा पहिल्या हातात घेतला आणि शेवटी समोर ठेवून दिला. न पिता.

हाजी सुरूरांच्या हातातला खजूर तोंडापाशीच थांबला. मग हाजींनी डेकरांकडे पाहिलं, नंतर माझ्याकडे पाहिलं, आणि खजूर खाली ठेवला. काकांना ठसका लागला.

डेकरांना सांगायला हवं होतं की पेला उचला, निदान ओठाला तरी लावा. मी तोंड उघडलं. पण बाबा माझ्या आधी बोलले, अगदी शांतपणे. "घ्या, कॉफी घ्या. जे मागायला आलात ते दिलं."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सांग त्यांना. शब्दाला शब्द."

मी सांगितलं. शब्दाला शब्द. 'पाहुणे, कॉफी घ्या' एवढंच सांगता आलं असतं. सांगितलं नाही.

डेकर गोंधळले. "सगळं? मी तर अटींवर बोलायला आलो होतो."

बाबा म्हणाले, "काय हवं ते त्यांना तोंडानं सांगू दे."

डेकरांनी सांगितलं. जबल अलीला शेजारी गोदाम, दोघा भावांच्या नावानं, आणि ऑफिसात मिस अफ्रा. मी स्वतःचं नाव भाषांतरात घेतलं ते काकांकडे न बघता.

हाजी सुरूरांनी मोठा सुस्कारा टाकला. "एवढंच होय? बरं झालं बाबा. मला वाटलं..." आणि काय वाटलं ते न सांगता त्यांनी खजूर उचलला.

"दिलं," बाबा म्हणाले. "हाजी, तुम्ही ऐकलंत."

"ऐकलं. घराचा शब्द आहे."

बुतीकाका उठले. बाबांकडे बघून म्हणाले, "अबू अफ्रा." एवढंच. बाबांना मुलगा नाही म्हणून बाहेरचे कोणी टोमण्यानं तसं, 'अफ्राचा बाप', म्हणतात. काकांनी आजवर कधी म्हटलं नव्हतं. मग ते आमच्या दोन घरांच्या मधल्या दारातून गेले आणि पलीकडून कडी लावली. ती कडी मी जन्मात ऐकली नव्हती. त्या दाराला कडी आहे हेच मला माहीत नव्हतं.

बुधवार, २३ ऑक्टोबर

एका परक्या माणसाला पेला गरम लागला आणि आमच्या घरात कडी लागली. मधे मी होते.

आई मात्र गुणगुणत कांदे चिरत होती. मी म्हटलं, "तुला काहीच कसं वाटत नाही?" ती म्हणाली, "वाटतं ना. कांदे झोंबतायत."

शनिवार, २६ ऑक्टोबर

ठरवलं आणि केलं. पेढीवरून डेकरांना फोन लावला. आमच्यात पेला खाली ठेवला म्हणजे काय, हे त्यांना सगळं समजावून सांगितलं.

ते म्हणाले, "म्हणून सगळे माझ्याकडे तसे बघत होते. बोटं भाजली हो माझी. आणि ते खजूरवाले म्हातारे तुमच्याकडे का बघत होते?"

मी घाईनं विषय बदलला.

त्यांनी सरळ सांगितलं, "चुकून घेतलेला शब्द मला नको. वडिलांना म्हणावं, मी परत केला. एवढंच की माझं मागणं खरं होतं." भला माणूस आहे.

मला वाटलं, आता बाबांच्या मनावरचा दगड उतरेल. धावतच गेले. बाबा गोदामात चहाच्या पेट्या मोजून घेत होते. मी सांगितलं तसा त्यांचा चेहरा पडला.

"तू त्याला फोन केलास?"

"हो."

"आपणहून?"

"हो बाबा. तो तुम्हाला शब्दातून मोकळं करतोय."

"हे आणखी कोणाला सांगितलंस? बुतीला? हाजीला?"

"नाही."

बाबा एका पेटीवर बसले. रुमालानं तोंड पुसलं. मला वाटलं रागावतील, पण ते हसू आवरत असावेत असं वाटलं, आणि तेच मला जास्त लागलं. म्हणाले, "दिलेलं परत घेणारा मी नाही. त्याला पुन्हा फोन कर. म्हणावं, बोटांना लावायला मध पाठवतोय, आणि शब्द तिथंच आहे."

मग म्हणाले, "आणि तुला तिथं बसायचंय की नाही?"

आजवर मला हे कोणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, "बसायचंय. पण असं चुकून नको."

"चुकून काही होत नाही पोरी. कॉफी सांडते तीसुद्धा कोणीतरी भरलेली असते म्हणून."

माझ्या मनाला लागू नये म्हणून बाबा असं बोलतात. स्वतःच्या शब्दात अडकलेत आणि वर माझीच समजूत काढतायत.

शनिवार, १६ नोव्हेंबर

मधलं दार बंदच. आईनं गहू-मटणाचं हरीस केलं, काकांना आवडतं म्हणून पुढच्या दारानं रस्त्यावरून पाठवलं. भांडं घासून परत आलं, पण रिकामं. आमच्याकडे भांडं रिकामं कोणी परत करत नाही, दोन खजूर तरी घालतात. आईनं ते उलटं करून बघितलं, जणू काही चिकटलेलं असेल. मग म्हणाली, "घासलंय मात्र चांगलं. मऊ होतोय."

बाबा म्हणाले, "बुतीला घाई करायची नसते. लहानपणी रुसला की गलबताच्या पोटात जाऊन बसायचा. भूक लागली की यायचा."

सह्यांच्या कागदांवर काकांनी सही केली. मजलिशीत दिलेला शब्द घराचा असतो, तो मोडून ते घराला कमीपणा आणणार नाहीत. पण कागद मुरादच्या हातून आले आणि त्याच्याच हातून गेले.

सोमवार, १३ जानेवारी १९८६

जबल अली. मी लिहितेय ते ऑफिसच्या टेबलावरून. टेबल, तीन खुर्च्या, एक फोन. फोन चालला तर चालतो. वारा सुटला की चहात वाळू येते आणि कागद कुरकुरीत होतात. शेजारी डेकर, त्यांच्या पलीकडे कोरियाचे लोक, समोर एक गुजराती कापडवाले आणि त्यांच्या पलीकडे नुसतं वाळवंट, ज्यावर पाट्या आधी लागल्यात आणि इमारती यायच्यात. फाटकावरचा पहारेकरी रोज विचारतो, "कोणाची मुलगी?" मी सांगते, "खल्फानची." आज म्हणाला, "हं, ते कॉफीवाले." कुठवर गेलीय ही गोष्ट.

आज आपली पहिली पेटी उतरली. धक्क्यावरची क्रेन तिला दोरीला बांधलेल्या आगपेटीसारखी उचलते. मला वाटलं होतं बाबा काही बोलतील. ते फक्त पेटीपाशी गेले, तळहात लावला, घोड्याला थोपटतात तशी थोपटली आणि म्हणाले, "बुतीनं बघायला हवं होतं."

परतताना गाडीत ते झोपले. अंगरख्यावर गंजाचा तांबडा पंजा उमटला होता.

शनिवार, १५ फेब्रुवारी

अडचण आहे. पेट्या येतात, माल येतो, पण आपला निम्मा माल ज्या बंदरांना जायचाय तिथं मोठी जहाजं जातच नाहीत. सोमालियाच्या किनाऱ्याला, मकरानला, इराणच्या लहान गावांना. तिथं गलबतच जातं. आणि नाखवे माझ्याशी बोलत नाहीत. एकजण म्हणाला, "बुती कुठं आहे? त्याच्याशी बोलतो." दुसराही तेच म्हणाला. सोमालियाला जायचे टायर गोदामाबाहेर उन्हात पडलेत.

बाबांना सांगितलं. त्यांना जराही नवल वाटलेलं दिसलं नाही. म्हणाले, "मग काकाकडे जा."

"मी? ते तुमच्याशी बोलत नाहीत, माझ्याशी काय बोलणार?"

"माझ्याशी बोलत नाही म्हणूनच तू. पुढच्या दारानं जा. कॉफी विचारील. नको म्हणू नकोस." मग म्हणाले, "बुतीची कॉफी फार गरम असते. सांभाळून घे."

सोमवार, १७ फेब्रुवारी

आज गेले. पुढच्या दारानं, पाहुण्यासारखी. काका मजलिशीत एकटेच होते. थकल्यासारखे वाटले. मिशी नीट कापलेली नव्हती, मैथा सासरी गेल्यापासून त्यांना तसं सांगणारं कोणी नाही.

"ये," ते म्हणाले. "जबल अलीच्या शेठाणीबाई. वाट चुकलात?"

"नाही काका."

"घोरपडी काय म्हणतायत? पगार वेळेवर देतेस ना?"

"देते काका. वाढवून मागतायत."

त्यांना हसू आलं असावं, पण त्यांनी दल्ला उचलला आणि माझ्याकडे न बघता पेला भरला. भरत राहिले. काठोकाठ. मग माझ्याकडे पाहिलं. मला कळलं, उठा आणि चालू लागा. डोळ्यांत पाणी आलं. पण घरच्या मोठ्यानं दिलेला पेला टाकून कसं उठायचं? म्हणून घेतला. तो निखारा होता नुसता. मी या बोटांतून त्या बोटांत घेतला, ओढणीच्या टोकानं धरून पाहिला, आणि सांडेल म्हणून पटकन समोर ठेवून दिला.

काका त्या पेल्याकडे बघत राहिले. मग त्यांची मिशी हलायला लागली, खांदे हलायला लागले, आणि ते हसले. इतके की डोळे पुसावे लागले. चार महिन्यांत मी त्यांचं हसू ऐकलं नव्हतं.

"हे तुझ्या बापाचं काम," ते म्हणाले.

"नाही हो काका. भाजलं मला. खरंच."

"त्या लांबड्यालाही खरंच भाजलं होतं." पुन्हा हसायला लागले. "आणि मी, गाढव, मिशीत हसत बसलो होतो. वल्ला, लहानपणी मासेसुद्धा तो असेच धरायचा. जाळं लावायचा आणि माशाला वाटायचं, मीच आलो."

मला काही समजेना. मी म्हटलं, "काका, बाबा रोज तुमची आठवण काढतात."

"काढणारच. टायर उन्हात पडलेत असं ऐकतोय." ते माझ्याजवळ सरकले, माझ्या पेल्यातली निम्मी कॉफी स्वतःच्या पेल्यात ओतून घेतली, उरलेलीवर फुंकर घातली आणि पेला माझ्या हातात दिला. "पी पोरी. जे मागायला आलीस ते दिलं."

मी प्यायले. जीभ भाजली.

घरी आले ते मधल्या दारानं. काकांनी कडी काढली तेव्हा ती अडकली होती, दोघांनी मिळून ओढली. बाबा पलीकडे ओट्यावर बसले होते, वर बघितलंच नाही. काका त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हणाले, "अबू अफ्रा." या वेळी वेगळंच वाटलं ऐकायला. बाबा म्हणाले, "भूक लागली का?" एवढंच दोघांचं बोलणं झालं. उद्या सकाळी काका माझ्याबरोबर येणार आहेत. गाडीत पुढं बसणार म्हणे, वाळू नीट बघायला.

सगळं बरं झालं, तरी मला एक गोष्ट टोचतेय. मी पेला मागण्यासाठी ठेवलाच नव्हता. मला भाजलं म्हणून ठेवला. म्हणजे काकांचा शब्दही चुकूनच घेतला गेला, आणि आता ते उद्या गाडीत बसायच्या आधी मी त्यांना हे स्पष्ट सांगायला नको का? आईला विचारलं. ती काकांसाठी हरीस काढत होती. पळी माझ्यावर रोखून म्हणाली, "खबरदार. तुझा एक फोन करून झालाय."